जावयाच्या बाथरूमचे अठ्ठेचाळीस तास

सौंसरच्या रामाजींनी वरच्या मजल्यावर नवं बाथरूम बांधलं ते कोणासाठी, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. घरात माणसं दोनच, रामाजी आणि केसरबाई. दोघांचीही आंघोळ अंगणातल्या न्हाणीत चाळीस वर्षं बिनबोभाट चाललेली. बाथरूम होतं जावयासाठी. तीन वर्षांमागं धोंड्याच्या महिन्यात जावई अतुल पुण्याहून आला होता. भर पावसाळा, न्हाणीतली फरशी निसरडी. बुवा घसरले आणि कंबर चोळत म्हणाले, "आई, तुमच्याकडे साधं बाथरूमसुद्धा नाही का हो?" झालं! ते वाक्य केसरबाईंच्या काळजात रुतून बसलं. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो, त्यात जावयाला नारायण मानायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे. आणि तोच नारायण आपल्या न्हाणीत आपटला! बाईंनी तीन वर्षं नवऱ्याला सुखानं भाकर खाऊ दिली नाही.

तर बाथरूम झालं. काचेचं पार्टीशन, बेसिनखाली काळा ग्रॅनाइट, भिंतीला फुलाफुलांच्या टाइल्स. पण कामं वेळेवर होतील तर ठेकेदार कसले? होता होता धोंड्याचा महिना उजाडला, वर नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागला, आणि जावई बुधवारी सकाळी येणार म्हणून फोन आला तेव्हा रविवार होता आणि सिलिकॉनचं काम बाकी होतं. टाइल्स आणि फरशी जिथं भेटतात, काच जिथं भिंतीला लागते, बेसिन जिथं ग्रॅनाइटवर बसतं, त्या सगळ्या फटी सिलिकॉननं बुजवायच्या. नाहीतर पाणी खाली झिरपणार आणि हॉलच्या पांढऱ्याशुभ्र पीओपीवर नकाशे उमटणार.

ठेकेदार गजेंद्रनं त्या कामाला अर्चनाला पाठवलं.

अर्चना तिगावची. आठ वर्षं तिनं घमेली वाहिली, मग टाइल्सच्या फटी भरल्या, आणि मागच्या चार वर्षांपासून ती सिलिकॉनची गन चालवत होती. तिची रेघ अशी यायची की सुरुवात कुठं आणि शेवट कुठं ते सापडू नये. काम मिस्त्रीचं, पण साइटवर हाक मात्र मजूर बाईला मारतात तीच, "ए रेजा!" पुरुषानं गन धरली की तो मिस्त्री, बाईनं धरली की रेजा. हे तिला बोचत होतं, आणि ती ते पोटात ठेवणारी बाई नव्हती. गजेंद्रला ती हे तोंडावर म्हणाली होती. तेव्हा गजेंद्र म्हणाला, "पांढुर्ण्याले होस्टेलचं काम भेटून राहिलं मले. चाळीस बाथरूम आहेत. रामाजीच्या घरी खाली पीओपीवर एक डाग नाही पडला, तं चाळीसही तुझे. मिस्त्री म्हणून. डाग पडला तं परत घमेलं. बोल."

"बोलाचं काय त्यात?" अर्चना म्हणाली. "मंजूर."

रविवारी चार वाजता तिनं शेवटची रेघ ओढली, बोटानं सारखी केली, टेप काढली आणि साडेचारच्या बसला पळाली. जाताना केसरबाईंना दोनदा बजावलं की पाणी लागू देऊ नका. केसरबाई पुरणाच्या डाळीचा हिशेब करत होत्या. त्या "हाव हाव" म्हणाल्या आणि विसरल्या.

सोमवारी सकाळी अर्चना झाडझूड करायला आली, तर केसरबाई बाजाराला गेलेल्या आणि रामाजी अंगणात पाइप गुंडाळत उभे. चेहरा कसा प्रसन्न!

"ये बाई, ये. तुझ्या कामाची काळजी आमालेच घ्यावी लागून राहिली. काल तू बसमधी बसली नसशीन, तवाच मी तराई मारली. आज सकाळी बी मारली. मस्त गच्च भिजवलं."

आता तराई म्हणजे काय, तर सिमेंटला पाणी पाजणं. स्लॅब पडला की त्याला दिवसातून तीनदा पाणी मारावं लागतं, तर तो पक्का होतो. बांधकाम सुरू झाल्यापासून रामाजींनी हे काम दुसऱ्या कोणाला करू दिलं नव्हतं. जन्म गेला संत्र्याच्या झाडांना पाणी देण्यात. हातात पाइप असला की माणूस खूश. भिंतीला पाणी मारलं, प्लास्टरला मारलं, टाइल्स बसल्या तेव्हा मारलं. सिलिकॉन लागल्यावर तेही बांधकामच, मग त्यालाही मारलं. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा!

पण अर्चनाच्या पायाखालची जमीन सरकली. ती धावत वर गेली. रेघ कुठं फुगली होती, कुठं पांढरीफटक पडली होती, आणि एका कोपऱ्यातून तर सुटून वाहत जाऊन जाळीत अडकली होती.

"काकाजी!" ती वरूनच ओरडली. "अहो हे काय सिमेंट होय का? हे कच्चं असताना पाणी लागलं की गेलं कामातून!"

रामाजी पायऱ्या चढून आले, पाहिलं, आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. "मले काय मालूम, बाई," ते म्हणाले. "जे बांधलं त्याले पाणी द्यावं, एवढंच मले मालूम."

असं म्हटल्यावर त्या म्हाताऱ्यावर काय रागवायचं? तिनं कपाळाला हात लावला आणि गजेंद्रला फोन केला.

"खरवड आन् नवं मार," गजेंद्र म्हणाला. "पण आयक, काकाजीचं नाव काढू नको. पार्टी आहे आपली. कोणी विचारलं तं सांग, माझा हात हालला."

"माझा हात नाही हालला."

"अवं, सांगाले तुझं काय जाते?"

"नाव जाते माझं," अर्चना म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारपर्यंत तिनं जुनं सिलिकॉन ब्लेडनं खरवडलं, फटी कापडानं पुसल्या, पंखा लावून कोरड्या ठणठणीत केल्या, आणि बरोबर चार वाजता नवी रेघ संपवली. मग दाराला कुलूप लावलं आणि चाबी पदराला बांधली.

"अठ्ठेचाळीस तास," ती म्हणाली. "बुधवारी चार वाजेपर्यंत एक थेंब नाही."

"पण जवाई सकाळी येते ना!" केसरबाई किंचाळल्या.

"येऊ द्या. बसू द्या. चार वाजता न्हाऊ द्या."

सिलिकॉनच्या नळकांड्यावर चोवीस तास लिहिलं होतं, हे खरं. गजेंद्रनं मंगळवारी फोनवर ते तीनदा वाचून दाखवलं. पण ज्यानं लिहिलं तो काय नवतपात सौंसरला येऊन लिहून गेला होता? या सिलिकॉनची खोड लोकांना माहीत नसते. लोकांना वाटतं, ऊन जेवढं कडक तेवढं लवकर वाळेल. ते पापड आहे का? सिलिकॉन हवेतली ओल पिऊन पक्कं होतं. पाणी अंगावर घेत नाही, पण हवेतली ओल त्याला लागते. श्रावणात चोवीस तास पुरतात. नवतपात हवा अशी कोरडी की ओठ फाटतात, तिथं वरून कातडी धरते, बोटाला काही लागत नाही, आणि आत मात्र लोणी. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. दोन वर्षांमागं अशाच मे महिन्यात पांढुर्ण्याला एका घरी तिनं चोवीस तासांवर भरवसा ठेवला होता. पंधरा दिवसांत खालची भिंत ओली झाली आणि शिव्या कोणाला? रेजाला. तेव्हापासून ती कोणाचं लिहिलेलं वाचत नव्हती, स्वतः पाहत होती. प्रत्येक कामाला एका तुटक्या टाइलवर तेवढ्याच जाडीची रेघ ओढून तिथंच ठेवायची, आणि मग ती कापून बघायची. त्या तुकड्याला ती साक्षीदार म्हणायची.

रामाजींना मात्र तिनं काम लावून दिलं. बाथरूमच्या खिडकीत बाहेरून दोन गोणपाटं टांगली आणि म्हणाली, "तराईची एवढी हौस आहे तं याच्यावर मारा. पाणी हवेले द्या, रेघेले नाही." म्हातारा दोन दिवस गच्चीतून इमानदारीनं पोती भिजवत राहिला. केसरबाईंना वाटलं, यांना ऊन लागलं.

बुधवारी सकाळी नऊ वाजता नागपूरहून गाडी आली. लेक डिंपल उतरली, जावई उतरला. केसरबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. बाहेर ऊन असं की डांबर वितळावं. अतुल घामानं निथळत होता. "आई, आधी आंघोळ," तो म्हणाला. "डिंपल सांगत होती, नवं बाथरूम केलंय."

केसरबाईंनी तीन वर्षं या वाक्याची वाट पाहिली होती. त्या वर पाहू लागल्या. वर, बंद दाराला पाठ लावून, अर्चना बसली होती.

गजेंद्र आधीच येऊन बसला होता. तो ताडताड वर गेला. मागोमाग सगळं घर गेलं.

"खोल दार."

"चार वाजता."

"चाळीस तासाच्या वर झाले, अर्चना. चोवीस लिहिले आहेत कंपनीनं."

अर्चना उठली, कुलूप काढलं, आत जाऊन साक्षीदार घेऊन आली आणि सगळ्यांसमोर रेघेवर ब्लेड चालवलं. वरून घट्ट. आतून चिकट, बोटाला तार आली. तिनं तो तुकडा गजेंद्रच्या नाकाशी धरला. "वास घ्या. सिरक्याचा आंबट वास येऊन राहिला का नाही? वास आहे तोवर कच्चं आहे."

"एवढ्यानं काय होतं?" अतुल म्हणाला. "मी स्वतः इंजिनिअर आहे. एका आंघोळीनं काही बिघडत नाही."

जावईबुवा इंजिनिअर होते ते कॉम्प्युटरचे. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला कोण सांगणार? अर्चनानं सांगितलं.

"दादा, बिघडलं तं तुमी पुण्याले असान. शिव्या खायाले मी इथं असीन."

"अवं माय!" केसरबाईंनी तोंडावर हात घेतला. "धोंड्याचा जवाई आहे तो. नारायण असते आमचा."

"तुमचा असन, काकू. आमच्या घरी बुद्धवंदना होते. माझ्यासाठी ते आंघोळीले आलेले पाहुणे आहेत. चार वाजता खुशाल न्हावं."

आता गजेंद्रची तर अब्रूच निघाली. त्याला जावयासमोर काहीतरी बोलणं भाग होतं, आणि तो नेमकं तेच बोलला. "माफ करा साहेब. पहिल्या टायमाले इचा हात हालला, सारं खराब झालं, म्हणून उशीर. बाईमाणसाच्या हाती काम देल्लं, माझीच चुकी."

चोराच्या उलट्या बोंबा त्या याच! अर्चनाच्या डोक्यात तिडीक गेली.

"माझा हात नाही हालला," ती म्हणाली. "पहिलं काम चोख होतं. त्याच्यावर पाणी मारलं. काकाजीनं तराई मारली."

सगळे रामाजींकडे वळले. केसरबाई, डिंपल, जावई. म्हाताऱ्याच्या हातात अजून भिजलेलं पोतं होतं.

"मी?" रामाजी म्हणाले. त्यांनी एकदा जावयाकडे पाहिलं. "मी कायले मारू? मी तं आत गेलोच नाही."

याच माणसानं परवा अंगणात उभं राहून हसत हसत सांगितलं होतं. अर्चनाला एकदम रडू आलं, आणि रडू आलं म्हणून अजून संताप आला. आपण खरं बोललो आणि खोटे ठरलो, याच्याइतकं माणसाला काही लागत नाही.

"पाहा!" गजेंद्र म्हणाला. "मालकावर आळ घेऊन राहिली. चाबी दे अर्चना, नाहीतर पांढुर्ण्याचं विसर. सांगून ठेवतो."

चाळीस बाथरूम. मिस्त्री म्हणून. तिनं घरी नवऱ्याला सांगितलं होतं, तिगावात मैत्रिणींना सांगितलं होतं. चाबी द्यायला किती वेळ लागतो? पदराची गाठ सोडायची, बस्स.

तिनं दाराला कुलूप लावलं, गाठ अजून आवळली आणि खाली बसली. "विसरली," ती म्हणाली. "आता जा तुमी. चार वाजता येजा."

ओढून बाजूला करणार कोण? बाईच्या अंगाला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. जावईबुवा शेवटी अंगणातल्या न्हाणीत गेले. केसरबाईंनी फरशीवर चटई अंथरली, तरी त्या दाराबाहेर जीव मुठीत धरून उभ्या राहिल्या. बुवा घसरले नाहीत. मग धोंडे तळले गेले, तुपाचा वास वरपर्यंत आला. सकाळपासून अर्चनाच्या पोटात एक कप चहा होता.

दोन वाजता डिंपल ताट घेऊन आली. "ताई, जेवून घ्या ना. उपाशी कशाला राहता?"

"आधी सांग. तुले काय वाटते, मी खोटं बोलली?"

डिंपलनं मान खाली घातली. "बाबा असं खोटं बोलणार नाहीत," ती हळूच म्हणाली.

"मग ताट खाली ने."

चार वाजले. अर्चनानं आत जाऊन कोपऱ्या-कोपऱ्यात नाक लावलं. वास गेला होता. साक्षीदाराचा उरलेला तुकडा कापला, आतपर्यंत रबर. मग तिनं सगळे नळ सोडले, शॉवर सोडला, आणि अर्धा तास पाणी धो-धो वाहू दिलं. डिंपलला खालून ओरडायला सांगितलं. डिंपल हॉलमध्ये मान वर करून उभी राहिली. "काहीच नाही, ताई! एक डागसुद्धा नाही!"

अर्चनानं नळ बंद केले, बाहेर आली आणि पुन्हा कुलूप लावलं.

"आता काहून?" खालून गजेंद्र ओरडला.

"काम झालं. चाबी काकाजीनं येऊन घ्यावी. दुसऱ्या कोणाले देत नाही."

रामाजी आले. एकेक पायरी चढत, कठड्याला धरून. वर आल्यावर त्यांनी मागं पाहिलं, कोणी नाही याची खात्री केली आणि हात जोडले.

"पोरी, मीच मारलं पाणी," ते कुजबुजले. "मले समजते. पण जवायासमोर कसं सांगू? लेकीचा बाप आहे मी. तो म्हणन, याले एवढंबी समजत नाही. धोंड्याच्या दिवशी, नारायणासमोर..."

"मग नारायणासमोरच खोटं बोलले ना तुमी?"

म्हाताऱ्यानं जोडलेले हात खाली घेतले.

"तराई मारली त्याचा मले राग नाही, काकाजी," अर्चना म्हणाली. "ते न समजून झालं, मी पुन्हा केलं, माझ्यावर आळ येईपर्यंत घरात कोणाले नाव नाही सांगितलं. पण खोटं समजून बोलले. मले इथं वर येऊन सांगू नका. मले तं मालूमच आहे. खाली जा. जिथं सारे बसले आहेत, तिथं सांगा."

"आन् नाही सांगितलं तं?"

"तं मी इथंच बसली आहे. रात्रीची बस गेली तं उद्याच्या बसनं जाईन."

रामाजींनी एकदा कुलपाकडे पाहिलं. मग वळले आणि जसे आले तसे एकेक पायरी उतरले. अर्चना कठड्याशी येऊन उभी राहिली. हॉलमध्ये कूलरचा आवाज होता. रामाजींनी आधी कूलर बंद केला.

"जवाईबुवा," ते मोठ्यानं म्हणाले, "पाणी मी मारलं होतं. तराई. सिमेंट समजून. इचं काम चोख होतं, मी नासवलं. आन् सकाळी मी खोटं बोललो, तुमच्या लाजेनं. ही बाई खोटी नाही. खोटा मी आहे."

केसरबाई हातातला झारा तसाच धरून उभ्या होत्या. अतुल उठला. असल्या वेळी काय बोलायचं हे पुण्यातही कोणी शिकवत नाही. शेवटी तो म्हणाला, "बाबा, बसा तुम्ही," आणि स्वतःची खुर्ची पुढं केली. डिंपल मात्र वर बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

अर्चना खाली उतरली. चाबी तिनं रामाजींच्या हातात ठेवली. "आता मारा पाणी, काकाजी. किती बी मारा."

पिशवी खांद्याला अडकवून ती दाराकडे निघाली, तेव्हा गजेंद्र तिच्या मागं अंगणात आला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, घसा खाकरला.

"सोमवारी ये मंग पांढुर्ण्याले."

"काय म्हणून?"

"आता काय म्हणून म्हणजे... मिस्त्री म्हणून," गजेंद्र पुटपुटला.

"आयकू नाही आलं."

"मिस्त्री म्हणून!" तो ओरडला. घरातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. गजेंद्रचा चेहरा लाल झाला. "पण आयक अर्चना, तिथं चाळीस बाथरूम आहेत. चाळीसही दारात अशीच बसशीन काय तू?"

"बसीन," अर्चना म्हणाली आणि बसस्टॉपकडे चालू लागली.